गोलाकार तारकागुच्छाच्या फोटोत मधोमध पांढरा गोळा का येतो?

प्रश्न सोलापूरहून आलाय. सहा इंची एफ/५ न्यूटनियन टेलिस्कोप, ईक्यू-५ जातीचा माउंट (आकाशाबरोबर टेलिस्कोप फिरवणारा आधार), २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर. घराच्या गच्चीवरून शौरी तारकासमूहातल्या एम १३ या गोलाकार तारकागुच्छाचा फोटो काढला. दोन-दोन मिनिटांच्या चाळीस फ्रेम जोडल्या, तरी मधोमध पांढरा गोळा आणि कडेला विखुरलेले ठिपके एवढंच हाती लागलं. आता काय घ्यावं: प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर, कूलिंगवाला कॅमेरा की आठ इंची टेलिस्कोप? आणि जाता जाता विचारलंय की दक्षिणेकडच्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छाचा फोटो आपल्याकडून निघतो का.

ओमेगा सेंटॉरी निघतो, आणि छान निघतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. बाकी तिन्हींपैकी सध्या काहीच घेऊ नका. तुमची ८० मिनिटं एम १३ ला भरपूर होती. जे बिघडलंय ते या खरेदीने सुधारणारं नाही.

बहुतेक जण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघापासून सुरुवात करतात आणि तिथली सवय तारकागुच्छांना लावतात. तेजोमेघाला जितके तास द्याल तितका तो उमलतो. गोलाकार तारकागुच्छाचं तसं नाही. तिथे सगळा खेळ एका ताऱ्याचा ठिपका सेन्सरवर किती बारीक पडतो याचा असतो. ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि शेजारचे तारे त्यात बुडतात. एम १३ आकाशात साधारण २० कलांचा आहे (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), पण त्याचा निम्मा प्रकाश मधल्या जेमतेम साडेतीन कलांच्या वर्तुळातून येतो. तुमच्या साधनांवर एक पिक्सेल म्हणजे सुमारे एक विकला. हिशेब सोपा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा. ३.७ मायक्रॉन आणि ७५० मिमी घेतले की उत्तर एक येतं. म्हणजे निम्मा गुच्छ २०० पिक्सेलांच्या चकतीत मावलाय. एकेका ताऱ्याचा ठिपका सहा पिक्सेल रुंद झाला, तर त्या चकतीत सुटं काय दिसणार? तोच ठिपका तीन पिक्सेलांवर आणलात तर गाभ्यापर्यंत भाजलेल्या रव्यासारखे दाणे मोकळे होतील.

पण त्याआधी एक तपासणी करा. तो गोळा मुळात फोटोत आहे का, की नंतर संगणकावर झालाय? चाळीसपैकी कुठलीही एक रॉ फाइल सिरिल या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दाखवण्याची पद्धत ‘लिनियर’ ठेवा, ‘ऑटोस्ट्रेच’ नको (स्ट्रेच म्हणजे मंद भाग ताणून उजळ करणं). चित्र जवळजवळ काळं दिसेल, घाबरू नका. माउसचा बाण गुच्छाच्या मध्यावर न्या आणि खाली येणारे आकडे वाचा. १४ बिटांच्या कॅमेऱ्याची कमाल १६,३८३ असते. दोन-चार तेजस्वी ताऱ्यांच्या माथ्यावर आकडा कमालीच्या जवळ जाईल. पण त्या ताऱ्यांच्या मधल्या उजेडात तो बराच खाली असेल, असं मी पैजेवर सांगतो. तसं असेल तर गाभा जळलेला नाही. तो फाइलमध्ये शाबूत आहे, स्ट्रेच करताना पांढरा झालाय.

एवढ्या खात्रीने सांगतोय, कारण एम १३ च्या गाभ्याची पृष्ठ-तेजस्विता दर चौरस विकलेला साडेसोळा ते सतरा प्रतीच्या आसपास असते (प्रत हे तेजाचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त). मध्यम शहराच्या गच्चीवरचं आकाशच अठरा-साडेअठराचं असतं. म्हणजे गाभा तुमच्या शहरी आकाशापेक्षा फार तर चार-सहा पट उजळ आहे. आकाशाचा उजेड कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या हिस्टोग्राममध्ये (तो रॉ फाइलचा नसून उजळवलेल्या चित्राचा असतो) डावीकडच्या चौथाईच्या आत ठेवला असेल, तर गाभ्याचा उजेड छताला टेकत नाही. टेकतात ते एकेकटे तांबडे राक्षसी तारे. त्यातले सर्वांत तेजस्वी बाराव्या प्रतीच्या आसपास आहेत. दोन मिनिटांत ते नक्की भरून वाहिले असणार, आणि त्यांचा नारिंगी रंगही त्यांच्याबरोबर गेला असणार.

म्हणून पहिला बदल करा तो एक्स्पोजरच्या लांबीत. दोन मिनिटांऐवजी ३० सेकंद. आयएसओ १६०० असेल तर ८०० वर आणा. ८० मिनिटांत चाळीसच्या जागी १६० फ्रेम मिळतील, गोळा होणारा प्रकाश तेवढाच. छोट्या एक्स्पोजरमध्ये मंद तारे येणार नाहीत ही भीती शहरातल्या आकाशापुरती तरी अनाठायी आहे. एफ/५ वर शहराच्या आकाशाचा उजेड अर्ध्या मिनिटातच कॅमेऱ्याच्या रीड नॉइजला (फोटो वाचताना सेन्सर स्वतः भर घालतो त्या खरखरीला) झाकून टाकतो, आणि एकदा तो झाकला की पुढचं एक्स्पोजर लांबवून पदरात काही पडत नाही. तोटे मात्र पडतात. वाऱ्याची झुळूक, माउंटचा हिसका, विमानाचे दिवे, जे काही बिघडेल ते अख्खी दोन मिनिटं घेऊन जातं. छोट्या फ्रेमा खराब निघाल्या तर बिनदिक्कत फेकता येतात. खरोखर अंधाऱ्या जागी गेलात तर एक-दीड मिनिटापर्यंत जा आणि गाभ्यासाठी १०-१५ सेकंदांच्या वीस-पंचवीस फ्रेम वेगळ्या घ्या. गच्चीवर त्याचीही गरज नाही.

आता फोकस. मला येणाऱ्या दहापैकी सात फोटोंत दुखणं इथेच असतं, आणि दुखणं फोकस ‘न झाल्याचं’ नसतं, फोकस सरकल्याचं असतं. संध्याकाळी बाह्तिनोव्ह मास्क (टेलिस्कोपच्या तोंडावर बसवायची खाचांची चकती) लावून स्वातीवर फोकस अचूक केला जातो आणि मग पहाटेपर्यंत कोणी त्याकडे बघत नाही. एफ/५ ला फोकसची सहनशीलता दोन्ही बाजूंना मिळून फक्त ७० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मधल्या बिंदूपासून इकडे-तिकडे ३५. तुमच्या टेलिस्कोपची नळी पोलादी पत्र्याची आहे. पाऊण मीटरची नळी दर अंश सेल्सिअसला सुमारे नऊ मायक्रॉन आकसते. तापमान चार अंशांनी उतरलं की फोकस हद्दीबाहेर. एप्रिलमध्ये सोलापुरात रात्री नऊला किती उकडतं आणि पहाटे तीनला किती, ते मी तुम्हाला सांगायला नको. दर पाऊण तासाने, किंवा तापमान दोन-तीन अंश उतरलं की, मास्क परत लावा. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा. हे दोन मिनिटांचं काम कंटाळवाणं आहे खरं, पण आठ इंची टेलिस्कोप जे देणार नाही ते यातून मिळतं.

फोकसच्या खालोखाल कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. गच्चीवर दोन जिने चढवून आणलेल्या न्यूटनियनचे आरसे जागेवर असतील असं गृहीत धरू नका. लेझरवर पूर्ण भरवसा नको, तो स्वतः वाकडा बसलेला असू शकतो. शेवटची खात्री खऱ्या ताऱ्यावर करा: थोडं फोकसबाहेर नेलं की दिसणारी वर्तुळं एककेंद्री हवीत. आणि ही तपासणी ज्या उंचीवर फोटो काढायचाय त्याच उंचीवर करा. डोक्यावरच्या एम ३ कडून क्षितिजाजवळच्या ओमेगाकडे वळलात की स्वस्त सेलमधला मुख्य आरसा किंचित घसरतो.

गच्चीचं म्हणाल तर स्लॅब हा तारकागुच्छांचा शत्रू आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं आणि टेलिस्कोपच्या तोंडासमोरची हवा थरथरते. तेजोमेघाला हे चालून जातं, इथे चालत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, उन्हाळ्यात झोपण्यासाठी मारतो तसंच, पण टेलिस्कोप मांडायच्या दोन तास आधी. शक्य असेल तर टेलिस्कोप मातीच्या अंगणात किंवा गवतावर ठेवा. दोन्ही शक्य नसेल तर मोठं काम रात्री एकनंतर सुरू करा. शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्रावरून नजर जात असेल तर त्या दिशेचं लक्ष्य त्या रात्री सोडून द्या.

माउंटबद्दल दोनच गोष्टी. एक, या जातीच्या माउंटला गाइडिंगशिवाय (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत दुरुस्त केल्याशिवाय) ३० सेकंदही जड जातात, कारण गियरची ठरावीक चूक दहा-एक मिनिटांच्या फेऱ्यात कित्येक विकला पुढे-मागे नेते. छोटा गाइड कॅमेरा आणि पीएचडी-२ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एकूण चूक एका विकलेच्या आत ठेवा. वापरत नसाल तर खरेदीचा पहिला मान त्याला. दोन, आपल्या अक्षांशाची एक खोड आहे. ध्रुवतारा सोलापुरात जेमतेम १८ अंशांवर असतो. तो पुष्कळदा पाण्याच्या टाकीमागे किंवा धुरकटात लपतो, शिवाय माउंट इतका आडवा होतो की वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि काही स्थितींत वजन ट्रायपॉडच्या पायाला धडकतं. रात्री सुरू करण्याआधी एकदा क्लच सैल करून हाताने पूर्ण फेरी फिरवून बघा. ध्रुव दिसत नसेल तर प्लेट-सॉल्व्हिंगने (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखून) ध्रुवजुळणी करा. निना या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंची जुळणी आहे, त्यासाठी ध्रुवतारा दिसायची गरज पडत नाही.

फिल्टरचं उत्तर थोडक्यात: नको. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रेषा सोडून बाकी सगळं अडवणारे फिल्टर तेजोमेघांसाठी असतात, कारण तेजोमेघ त्याच रेषांमध्ये चमकतात. ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर लावलात की शहराच्या उजेडाबरोबर ताऱ्यांचाही बहुतेक प्रकाश जातो आणि उरलेल्याचा रंग बिघडतो. तारकागुच्छाच्या फोटोतली निम्मी मजा रंगात आहे: म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्यांचा नारिंगी आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यावर गेलेल्या ताऱ्यांचा निळसर. एम १३ मध्ये हे निळे तारे भरपूर आहेत. अपवाद एकच, तोही हौशींसाठी: महाश्वातल्या एम १५ च्या आत एक बिंब-तेजोमेघ (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेलं वायूचं कवच) आहे, खगोलशास्त्रज्ञ पीझने १९२८ साली ओळखलेला. तो ऑक्सिजनच्या फिल्टरने पकडायचा खेळ काही जण खेळतात. सहा इंचीने त्या भानगडीत पडू नका.

आता कुठला गुच्छ कधी, हे आपल्या पावसाच्या हिशेबाने बघावं लागतं. आपल्या आकाशगंगेत दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ माहीत आहेत आणि त्यांची गर्दी धनू आणि वृश्चिकाच्या दिशेला आहे. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने १९१८ च्या सुमारास याच गर्दीवरून ताडलं की आकाशगंगेचं केंद्र त्या बाजूला, आपल्यापासून दूर आहे. आपण मध्यात नाही. गंमत अशी की ही सगळी मंडळी मध्यरात्री डोक्यावर येतात ती जून-जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे टेलिस्कोपवर ताडपत्री असते तेव्हा. म्हणून आपला हंगाम दोन तुकड्यांत. फेब्रुवारी ते मे हा मोठा तुकडा: आधी श्यामशबलातला एम ३, मग भुजंगातला एम ५, मग एम १३, आणि मे महिन्यात मध्यरात्रीनंतर ज्येष्ठेच्या अगदी शेजारचा एम ४. जागरणाची तयारी असेल तर मेमध्ये पहाटे तीन-साडेतीनला धनूतला एम २२ ऐन उंचीवर, सोलापूरहून जवळपास ४८ अंशांवर, असतो. दुसरा तुकडा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी: एम १५ आणि कुंभेतला एम २. थंडीत या जातीचं नाव घेण्यासारखं एकच, मृगाच्या पायाखाली शशकातला एम ७९, आणि तो लहान आहे.

सुरुवातीला लोक एम १३ च घेतात, कारण पुस्तकांत त्याचाच उदोउदो असतो. उत्तरेकडच्या देशांत तो सगळ्यांत सोयीचा म्हणून ही ख्याती. माझं मत विचाराल तर आपल्यासाठी एम ४ आणि एम २२ अधिक उदार आहेत. एम ४ आपल्यापासून सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवर, एम १३ त्याच्या साडेतीन-चार पट लांब. एम ४ चा गाभा विरळ असल्यामुळे मध्यम टेलिस्कोपमध्येही मध्यापर्यंत तारे सुटे होतात आणि ताऱ्यांची एक उभी रांग मधोमध स्पष्ट दिसते. ही रांग विल्यम हर्शेलनेही १७८३ मध्ये नोंदवली होती. फक्त ज्येष्ठेची चमक फ्रेममध्ये घुसू देऊ नका. ती सव्वा अंशावरच आहे आणि न्यूटनियनमध्ये तिचे चार काटे अर्ध्या चित्रावर पसरतात. गुच्छ थोडा एका बाजूला घेऊन ज्येष्ठा पूर्ण बाहेर काढा.

आणि आता ओमेगा सेंटॉरी, म्हणजे नरतुरंगातला तो प्रचंड गुच्छ. टॉलेमीच्या यादीत तो तारा होता, १६०३ मध्ये बायरने त्याला ओमेगा हे अक्षरही ताऱ्याचंच दिलं, आणि १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून बघताना हॅलीने हा तारा नव्हे हे नोंदवलं. प्रत साधारण ३.९, अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षं, रुंदी पौर्णिमेच्या चंद्राहून अधिक. आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा गोलाकार गुच्छ. पूर्वी कधीतरी आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा असं मानतात. हबलच्या वीसहून अधिक वर्षांच्या फोटोंमधून मध्यावरचे सात वेगवान तारे शोधून तिथे मध्यम आकाराचं कृष्णविवर असल्याचा पुरावा २०२४ मध्ये मांडला गेला.

युरोपातल्या हौशींना हा गुच्छ जवळजवळ मिळतच नाही. आपल्याकडे तो मिळतो, पण कुठून काढता यावर फरक पडतो. याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे साडेसत्तेचाळीस अंश. ९० मधून तुमचा अक्षांश आणि ४७.५ वजा करा, ती त्याची सर्वोच्च उंची. सोलापूरहून जवळपास २५ अंश, रत्नागिरीहून साडेपंचवीस, पणजीहून २७, मुंबईहून साडेतेवीस, नागपूरहून २१ च्या थोडं वर. पेंचला २०२४ पासून डार्क स्काय पार्कचा दर्जा आहे, आकाश सुंदर आहे, पण या एका लक्ष्यासाठी तिथून गुच्छ सोलापूरपेक्षा चार अंश खाली सरकतो. २५ अंशांवर एका अंशालाही किंमत असते. (दक्षिणेकडचा दुसरा नामांकित गुच्छ, ४७ टुकानी, मात्र विसरा. तो सोलापुरात क्षितिजाला टेकून जातो.)

शोधायला अगदी सोपा. चित्रा नक्षत्राचा तारा आणि ओमेगा यांचं विषुवांश (आकाशातलं रेखांश) जवळपास सारखं आहे. चित्रा बरोबर दक्षिणेला मध्यमंडलावर आली की तिच्या थेट खाली ३६ अंशांवर ओमेगा असतो. एप्रिलच्या मध्यावर हे रात्री सव्वाबारा-साडेबाराला घडतं, मेच्या मध्यावर सव्वादहा-साडेदहाला. २० अंशांच्या वर तो सोलापूरहून पावणेचार तास राहतो. आकाश बरं असेल तर साध्या डोळ्यांनाही पुसट तारा म्हणून लागतो.

एवढ्या खालच्या उंचीवर तीन अडचणी येतात. पहिली हवेच्या जाडीची. डोक्यावर असते त्याच्या २.४ पट हवा मधे येते आणि ताऱ्याचा ठिपका साधारण पावणेदोन पट फुगतो. डोक्यावर दोन विकलांचं सीइंग (हवेच्या थरथरीने ठिपक्याला येणारी रुंदी) असेल तर इथे साडेतीनच्या घरात. म्हणून या गुच्छाला लांब फोकल लेंग्थ वापरून काही साधत नाही. तुमची ७५० मिमी पुरेशी आहे, ४००-५०० मिमीची चांगली लेन्सही चालेल. फेकायच्या फ्रेमांबाबत मात्र इथे कठोर व्हा. सिरिलमध्ये फ्रेमा ठिपक्याच्या रुंदीनुसार लावा आणि खालच्या तीस-चाळीस टक्के काढून टाका.

दुसरी अडचण रंगांच्या फाकण्याची. हवा प्रिझमचं काम करते. प्रत्येक ताऱ्याला वरच्या बाजूला निळी आणि खालच्या बाजूला लाल कड येते. सोलापूरहून लाल आणि निळ्या चॅनेलमध्ये दीड-दोन विकलांचं अंतर पडतं, म्हणजे तुमच्या सेन्सरवर दीड-दोन पिक्सेल. लोक याला लेन्सचा दोष समजतात. उपाय फुकट आहे: जोडून झाल्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे करा, हिरव्याला आधार मानून बाकीचे दोन ताऱ्यांवरून त्याच्याशी जुळवा आणि परत एकत्र करा. तारे लगेच बारीक दिसू लागतात.

तिसरी अडचण क्षितिजाजवळच्या धुरकटाची, आणि ती आपल्याकडची खास आहे. एप्रिल-मे म्हणजे कोकणात भाजावळीचे दिवस, देशावर शेतात पाचट आणि बांध पेटलेले. धूर वर जात नाही, क्षितिजालगत पसरतो, नेमका तुमच्या वीस-पंचवीस अंशांत. वळवाचा पाऊस पडून गेला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री बाहेर पडा. धूळ-धूर बसलेला असतो आणि दक्षिण क्षितिज एकदम खालपर्यंत काळं मिळतं. जागा निवडताना शहराच्या दक्षिणेला जा. उत्तरेला गेलात तर अख्ख्या शहराचा उजेड तुमच्या आणि गुच्छाच्या मधे येतो. पंचवीस किलोमीटर चुकीच्या दिशेला जाण्यापेक्षा दहा किलोमीटर योग्य दिशेला गेलेलं बरं. कोकणातले सडे यासाठी फार उत्तम: सपाट कातळ, झाडी नाही, दक्षिण मोकळी. फक्त समुद्राची दमट हवा आरशावर धुकं धरते, तेव्हा दुय्यम आरशाला ड्यू हीटर हवा. सोलापुरात याची गरज क्वचितच लागेल.

आता संगणकावरचं काम, जिथे तुमचा पांढरा गोळा तयार झाला. डीप-स्काय-स्टॅकर असो की सिरिल, जोडलेलं चित्र आपण पहिल्यांदा बघतो ते बहुधा ऑटोस्ट्रेच लावून. ते मंद तेजोमेघ दिसावा अशा बेताने बनवलेलं आहे. गुच्छावर ते लावलंत की गाभा गेलाच. पहिलं पाऊल रंगांचं: ताऱ्यांच्या कॅटलॉगवरून रंग जुळवणारं कॅलिब्रेशन चालवा, तेही स्ट्रेचच्या आधी. मग आर्कसिंह (asinh) स्ट्रेच, बेताबेताने, दोन-तीन हप्त्यांत. हा स्ट्रेच तिन्ही चॅनेलचं प्रमाण राखतो, म्हणून नारिंगी तारा उजळ होतो पण पांढरा पडत नाही. प्रत्येक हप्त्यानंतर चित्र शंभर टक्क्यांवर आणून गाभ्याकडे बघा, कडेकडे नको. गाभ्यातले तारे एकमेकांत विरघळू लागले की थांबा, कडेचे मंद तारे आणखी उजळायचा मोह आवरा. कड हवीच असेल तर जीएचएस (हवा तेवढाच भाग ताणता येणारा स्ट्रेच) वापरून वळण आकाशाच्या पातळीच्या किंचित वर बांधा आणि तेजस्वी भागाला संरक्षण द्या.

काही गोष्टी तारकागुच्छात करू नयेत. तारे काढून टाकणारं सॉफ्टवेअर आणि मग मागचा भाग वेगळा उजळवणं ही आजकालची सर्रास पद्धत आहे. इथे मागे काही उरतच नाही. अख्खी वस्तूच ताऱ्यांची! गाभा दाबायला एचडीआरची साधनं जोरात चालवलीत तर मधोमध काळसर खळगा पडतो. गुच्छाचा उजेड मध्याकडे सतत वाढत जातो, तेव्हा खळगा दिसला की साधन जास्त झालं असं समजा. यांत्रिक बुद्धीची नॉइज काढणारी साधनं मंद तारे एक तर पुसून टाकतात, नाहीतर दोघा-तिघांचा एक गुळगुळीत तारा बनवतात. मी ती गुच्छावर वापरतच नाही. धार वाढवणारी साधनं थोडी चालतात, ताऱ्याभोवती काळं कडं दिसेपर्यंत नव्हे.

आणि डिदरिंग, म्हणजे फ्रेमांच्या मधे माउंट किंचित सरकवणं. एप्रिलच्या गरम रात्री कूलिंग नसलेल्या सेन्सरवर उष्ण पिक्सेल शेकड्याने उगवतात आणि एक पिक्सेलचा लाल-निळा ठिपका गुच्छात ताऱ्यासारखाच दिसतो. सॉफ्टवेअरला ते शोधून मारायला सांगितलं तर ते बारीक खरे तारेही मारतं. त्यापेक्षा दर दोन-तीन फ्रेमांनंतर माउंट दहा-पंधरा पिक्सेल इकडे-तिकडे सरकवा आणि जोडताना सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमांशी न जुळणारा पिक्सेल वगळणं) लावा, तारे जुळून येतात आणि उष्ण पिक्सेल गळतात. डार्क फ्रेमा (झाकण लावून काढलेल्या) काढायच्या तर त्याच रात्री, त्याच तापमानाला. हिवाळ्यातल्या डार्क एप्रिलला चालत नाहीत.

हे जमलं की एक काम करून बघा. एम ३ घ्या. एप्रिलमध्ये तो सोलापूरहून जवळपास ८० अंशांवर जातो, हवा कमीत कमी. एकाच रात्री चार-पाच तास फ्रेमा घ्या, पहिल्या वीस मिनिटांच्या वेगळ्या जोडा, शेवटच्या वीस मिनिटांच्या वेगळ्या. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून आलटून-पालटून दाखवा. गुच्छात जागोजागी तारे लुकलुकताना दिसतील. हे आरआर लायरी जातीचे चलतारे, साधारण अर्ध्या दिवसात फुगून आकसणारे. एम ३ मध्ये ते दोनशेहून अधिक आहेत, साडेपंधराव्या प्रतीच्या आसपास. तुमच्या सहा इंचीला ते मिळतात. शॅप्लीने गुच्छांची अंतरं काढायला याच जातीच्या ताऱ्यांचा आधार घेतला होता. मात्र दोन्ही चित्रं सारख्याच प्रमाणात स्ट्रेच करा, नाहीतर सगळंच लुकलुकेल.

राहिली खरेदी. गाइडर नसेल तर तो आधी. त्यानंतर कोमा करेक्टर, कारण ओमेगा फ्रेमचा मोठा भाग व्यापतो आणि एफ/५ ला कडेचे तारे धूमकेतूसारखे ओढले जातात. एम १३ ला तो नसला तरी चालतं. मग मोटर असलेला फोकसर, तेवढे पैसे असतील तर. कूलिंगवाला कॅमेरा आपल्या उन्हाळ्यात खरोखर उपयोगी आहे, पण त्याचा क्रम याच्या पुढे. आठ इंची न्यूटनियन ईक्यू-५ वर चढवू नका. वाऱ्यात ती जोडी ३० सेकंदही स्थिर राहत नाही, म्हणजे टेलिस्कोपमागोमाग माउंटही घ्यावा लागेल. तूर्त जुन्या चाळीस फ्रेमा टाकून देऊ नका. वर सांगितलेल्या पद्धतीने त्याच फाइल परत जोडा आणि स्ट्रेच करा. राक्षसी ताऱ्यांचे रंग परत येणार नाहीत, गाभा मात्र बराचसा उलगडेल.